दम घ्यायचा हुकूम

(कोरेगाव तालुक्यातल्या एका मळ्यातलं घर. फौजेतून परतलेला नाईक आकाराम, त्याची बायको रंगूबाई आणि फौजी इस्पितळातला त्याचा जुना सोबती सुकुमार. १९४९ सालचा माघ. दिवस मावळायला दीड तास आहे.)

सुकुमार : पहिलं वाक्य ऐका. ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली व रोगी बरा होऊन घरी गेला.’

आकाराम : खोड ते.

सुकुमार : का? अक्षर वाईट आहे?

आकाराम : आपरेशन झालंच न्हाई, गड्या.

सुकुमार : नाईक, तुमच्या डाव्या काखेतून पाठीपर्यंत दीड वीत व्रण आहे. तो काय जत्रेत गोंदवून घेतलाय?

आकाराम : व्रण हाय. आपरेशन न्हाई. फौजी डाक्टरांच्या बोर्डाचा कागद आलाय तसा. रंगू, आण गं तेवढा. देव्हाऱ्यात हाय.

रंगूबाई : देव्हाऱ्यातनं काढला मी. देवानं तरी किती डाव वाचायचा. ह्यो घ्या, भाऊ.

सुकुमार : ‘अर्जदाराच्या मागणीवरून इस्पितळाचे रजिस्टर पाहिले. दिनांक २७ ऑगस्ट १९४४ चे पान कोरे आहे. शिवाय, हृदयातून निघणारी मोठी धमनी फुटून ती फुप्फुसात उघडल्यास माणूस जगत नाही, असे शास्त्राचे मत आहे. अर्जदार जिवंत आहे. सबब अशी जखम झालेली नाही, आणि जी जखम झालेली नाही तिची शस्त्रक्रियाही झालेली नाही.’

आकाराम : खाली वाच की. ‘अर्जदाराची प्रकृती उत्तम राहो.’

सुकुमार : शास्त्र बरोबर आहे. चूक तुमच्याकडून झालीय.

रंगूबाई : आन दसऱ्यापास्नं तीन डाव खोकल्यातनं रगात पडलं ह्यांच्या, ते बी झालं न्हाई का? उपरणी धुऊन धुऊन माजी नखं लाल झाली.

सुकुमार : वहिनी, रक्त किती पडलं?

रंगूबाई : दसऱ्याला वाटीच्या बुडाला लागंल एवढं. संक्रांतीला आर्धी वाटी. परवा गुऱ्हाळात काहिलीपाशी हुबं व्हतं, तवा वाटी भरली.

सुकुमार : हं.

रंगूबाई : त्यो ‘हं’ काय म्हन्तोय?

सुकुमार : तो म्हणतोय, उद्याची गाडी चुकवू नका.

आकाराम : गाडी न्हाई चुकत. पर तुजा कागद न्हाई झाला, तर मुंबईला जाऊन काय समुद्र बघू? मुंबईचं सर्जनसायेब काय म्हन्ले, ती तुला पत्रात कळवलंय.

सुकुमार : कळवलंय, पण पत्र तुमच्या मास्तरांनी लिहिलंय. त्यात पाऊसपाणी जास्त आणि सर्जन कमी. तुम्ही सांगा.

आकाराम : छातीचा फोटू काढला. म्हन्ले, मोठ्या शिरंच्या कडंला फुगवटा आलाय, जुनी शिवण कुरकुरतीया. म्हन्ले, मी असलं काम केल्यालं न्हाई. माज्या वळखीत कुनी केल्यालं न्हाई. तरी उघडून बघीन. पर पैल्या डाक्टरानं आत काय केलंय, टाकं किती, कसं, कशाचं, ती लिवून आणा. आंधळ्यावानी हात घालणार न्हाई.

सुकुमार : शहाणा माणूस आहे. आमच्या सांगलीला हळदीचं पेव उघडलं की आधी कंदील सोडतात. आत वाईट हवा असते. कंदील विझला तर माणूस उतरत नाही.

रंगूबाई : आन ह्यो कागद म्हंजी कंदील?

सुकुमार : हो.

रंगूबाई : मंग तुमी दुपारधरनं कंदील पुसत का बसलाय? पेटवा की.

सुकुमार : पेटवतो, वहिनी.

रंगूबाई : थांबा. आदी मला कुनीतरी शान्या मानसानं सांगा, ह्यांच्या छातीत नक्की काय झालंय. ह्ये घरी आल्यापास्नं इचारतीया. ह्ये म्हन्त्यात, तुला न्हाई कळायचं. म्हंजी ह्यास्नीच कळल्यालं नसणार.

आकाराम : मला कळलंय. हे बघ. आपला पाट हाय. मोटंचं सगळं पानी त्यातनं जातंय, जोरात. शेजारी वांग्याचा वाफा. मधी बांध. आता समज, बांधाला घूस लागली. तिनं बीळ पाडलं. पाटाचं पानी वाफ्यात.

रंगूबाई : वांगी बुडाली.

आकाराम : वांगी म्हंजी माजं फुप्पुस.

रंगूबाई : आन घूस?

आकाराम : जर्मनाच्या गोळ्याचा तुकडा. करंगळीच्या नखाएवढा. आत शिरला आन शीर आन फुप्पुस दोन्हीच्या मधी घर करून बसला. तीन दीस गुमान बसला. चवथ्या दिशी मी खोकलो.

सुकुमार : वहिनी, ते खोकले तेव्हा मी समोर तसराळं धरून उभा होतो. त्या क्षणी मला कळलं की मी फौजेत यायला नको होतं. हळदीच्या पेढीवर वडील फार तर वही फेकून मारायचे.

आकाराम : हा तवा एकोणीस वर्साचा. मिशी न्हाई. मांस खात न्हाई, दीस मावळल्यावर जेवत न्हाई. लढाईत तर दीस मावळल्यावरच सयपाक. ह्यो दोन वर्सं उपाशी लढला.

सुकुमार : लढलो नाही. इस्पितळात सुया उकळल्या. सुईत दोरा ओवायचा, साहेबांच्या हातात द्यायचा, संध्याकाळी रजिस्टर लिहायचं.

रंगूबाई : त्यो सायेब कसा व्हता वो? ह्ये झोपंत नाव घेत्यात त्याचं.

आकाराम : तालबोट सायेब. मेजर. लांबलचक, वाकल्याला, शेवग्याची शेंग. डोस्क्यावर चार केस, ती बी बिनकामाचे. द्राक्षाच्या मळ्यात तंबू व्हते आमचे. वर घड लोंबायचे. सायेब सुट्टीत खुर्ची घेऊन मांडवाखाली बसायचा आन त्या खुर्चीच्या पायाला दोऱ्याच्या गाठी मारायचा. दीसभर. गाठ मार, सोड, मार, सोड.

सुकुमार : एका हाताने. डाव्या. डोळे मिटून. मी विचारलं, साहेब, कशाला? म्हणाले, छातीच्या आत जागा नसते, पंडित, आणि उजेडही नसतो.

रंगूबाई : पंडित कोन?

सुकुमार : मी. मांस खात नाही म्हणून. समजावून सांगितलं की आम्ही जैन, आमची हळदीची पेढी. म्हणाले, ठीक है, पंडित.

आकाराम : ती कोपऱ्यावरची म्हातारी आठवती का रं? ती इटालियन. काळं लुगडं.

सुकुमार : लुगडं नव्हतं ते.

आकाराम : काळं व्हतं. तांबाटी आणून द्यायची तुला. तू बिनकांद्याची आमटी केलीस, सायबानं चार वाट्या पिली. घाम फुटला त्याला, तरी म्हन्ला, ठीक है. गड्या, लय वंगाळ दीस व्हते. तरी आता गुऱ्हाळात बसलो ना, रस उकळाय लागला की मला त्या द्राक्षाचाच वास येतो. काय करावं?

सुकुमार : मला पेढीवर आयोडीनचा येतो. गिऱ्हाईक हळद हुंगतं आणि मी आयोडीन हुंगतो. पटवर्धनांचं आमचं संस्थान गेल्या साली विलीन झालं, वडील म्हणतात आता आपण मुंबई सरकारात. मी म्हटलं, मी अजून इटलीतच आहे.

रंगूबाई : दोघं बी इटलीत बसा. भाऊ, सयपाक झालाय. कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा बी न्हाई. आता आमटीत काय हाय ते मला बी ठावं न्हाई. दीस मावळायच्या आत जेवून घ्या.

सुकुमार : लिहून झाल्यावर जेवतो.

रंगूबाई : न्हाई झालं तर?

सुकुमार : तर उपास.

आकाराम : लिव मंग. तारीख लिव.

सुकुमार : लिहिली. ‘सर्जन : मेजर तालबोट. मदतनीस : नर्सिंग शिपाई सुकुमार. डाव्या बाजूने बरगड्या फाकवून छाती उघडली. तुकडा दिसला. साहेबांनी तुकडा काढला, आणि त्याच क्षणी भोकावर डाव्या हाताचे बोट ठेवले.’

रंगूबाई : बोट?

सुकुमार : तर्जनी. वहिनी, त्या बोटाच्या एका बाजूला नाईक होते आणि दुसऱ्या बाजूला नाईक नव्हते. आणि ते बोट थरथरत नव्हतं. फुप्फुसाचं तोंड आधी शिवलं, तेवढा वेळ बोट तसंच. मग शिरेचं भोक. बोट केसभर मागे सरकायचं, एक टाका. पुन्हा केसभर, पुन्हा टाका. सात टाके. लिहितो. ‘धमनीला टाके सात.’

आकाराम : आन मी जागा झालो, ती सांग.

सुकुमार : ते वैद्यकीय नाही.

आकाराम : सगळ्यात वैद्यकीय तीच हाय. रंगू, आपरेशन झालं. मला टेबलावरनं काढला. मी दमच घीना. हितं, आत, सगळं शिवल्यालं, नवंकोरं, पर इंजनच सुरू हुईना. सायेब माज्या कानापाशी आला आन मोडक्या हिंदुस्तानीत म्हन्ला, ‘आकाराम. दम लेव. हुकूम है.’

रंगूबाई : मंग?

आकाराम : मंग काय. हुकूम म्हन्ल्यावर घेतला.

सुकुमार : खरं आहे. मी होतो तिथं. फौजेत आठ वर्षं घालवलेला माणूस, त्याला मरायला परवानगी लागते.

आकाराम : पुढच्या चैतात सायबाची जीप सुरुंगावर गेली. त्याला कुनी हुकूम दिला न्हाई. तिथं वरचढ आफिसर नसंल.

रंगूबाई : असू द्या. भाऊ, उन्हं लिंबाच्या शेंड्यावर गेली. म्होरं लिवा.

सुकुमार : पुढे आता... झालंच की. ‘रोगी अकरा आठवड्यांनी...’

आकाराम : दोरा राहिला.

सुकुमार : काय?

आकाराम : टाकं किती, कसं, कशाचं. सर्जनसायेब तीन डाव म्हन्ले, कशाचं ती लिवाच. कुठला दोरा कसा कुजतो, त्यावर त्येंचं समदं गणित हाय.

सुकुमार : पाणी देता का, वहिनी?

रंगूबाई : चवथा तांब्या हाय ह्यो. हळदीचं पेव हाय का पोट?

आकाराम : सुकुमार. दोरा रेशमाचा, असंच ना? सायेब नेहमी शिरंला रेशीम वापरायचा. लिव, रेशीम.

सुकुमार : लिहिता येत नाही.

आकाराम : का?

सुकुमार : रेशीम नव्हतं.

आकाराम : संपल्यालं?

सुकुमार : नाही. ट्रेमध्ये होतं. माझ्या हातापासून चार बोटांवर. नाईक, तो भाद्रपद होता.

आकाराम : मंग?

सुकुमार : आमचं दशलक्षण पर्व. दहा दिवस. रेशमासाठी किडे जिवंत उकळतात. फौजेत निघताना आईने वचन घेतलं. म्हणाली, वर्षभर तिथं काय करावं लागेल ते कर, मी विचारणार नाही. पण हे दहा दिवस रेशमाला हात लावू नकोस. वर्षभर मी सगळं ओवलं. मेंढीच्या आतड्याचा दोरासुद्धा ओवला. फक्त ते दहा दिवस टाळायचो, दुसऱ्या शिपायाला द्यायचो. त्या दिवशी दुसरा शिपाई तापाने आडवा होता.

आकाराम : आन मी खोकलो.

सुकुमार : जर्मनाकडे पंचांग नव्हतं. साहेबांनी हात पुढे केला. म्हणाले, रेशीम. वरच्या कातडीला वापरायचा सुती दोरा उकळून ठेवलेला होता. माझा हात तिकडे गेला. मी विचार केला नाही. विचार केला असता तर... नाही माहीत. मी सुती दोरा ओवला आणि दिला.

रंगूबाई : सातीच्या साती टाक्यास्नी?

सुकुमार : सातही.

रंगूबाई : म्हंजी दहा दिसाचं पुण्य तुमचं, आन भोक आमचं.

आकाराम : रंगू.

रंगूबाई : का? मी काय खोटं बोलले?

सुकुमार : नाही, वहिनी. बरोबर बोललात.

आकाराम : आन रजिस्टर?

सुकुमार : संध्याकाळी लिहायला बसलो. दशलक्षणात रोज एका धर्माचा दिवस असतो. क्षमेचा, सरळपणाचा, असे. तो पाचवा दिवस. सत्याचा. रेशीम लिहिलं तर खोटं, सुती लिहिलं तर कोर्टमार्शल. मी पान कोरं ठेवलं. वाटलं, दहा दिवस संपले की लिहीन. मग आमचं इस्पितळ हललं, रजिस्टर पेटीत गेलं. नाईक, तुमचं ऑपरेशन बोर्डाने नाही रद्द केलं. मी केलं.

आकाराम : साडेचार वर्सं गप बसलास.

सुकुमार : पर्व संपलं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. दर वर्षी मी अख्ख्या सांगलीची मागतो. वखारीतल्या हमालांची, टांगेवाल्याची, ज्यांचं मी काही बिघडवलं नाही अशा सगळ्यांची. तुमचीच राहिली. पत्र आलं, शिवण कुरकुरतेय, तेव्हा कळलं की कुठून कुरकुरतेय.

आकाराम : सायबाला कळलं न्हाई?

सुकुमार : तेच मला माहीत नाही. त्यांनी दोरा दोन बोटांत फिरवला. थांबले. माझ्याकडे बघितलं. तोंडावर फडकं, वर फक्त डोळे. म्हणाले, ‘ठीक है, पंडित.’ आणि शिवायला लागले.

आकाराम : मंग कळलं व्हतं.

सुकुमार : किंवा नुसतं ठीक है म्हणाले. ते सगळ्यालाच म्हणायचे. आमटीलासुद्धा.

रंगूबाई : त्या आमटीत तिखट लय झालं व्हतं, ती त्याला कळलं व्हतं. घाम फुटला म्हन्ले ह्ये. तरी ठीक है म्हन्ला.

सुकुमार : हो.

आकाराम : सुकुमार, मोटंचा नाडा किती दीस टिकतो?

सुकुमार : माहीत नाही. आम्ही हळद विकतो.

आकाराम : बरा आसला तर दोन वर्सं. तुजा दोरा साडेचार वर्सं मोट थोपवून हुबा हाय. रातंदिस, बिनरजेचा. मी त्यावर चार सुगी काढल्या. आमची अंजना तीन वर्साची हाय, ती शेळीच्या मागं पळतीया बघ. ती पोरगी समदी तुज्या सुतावर झाली.

सुकुमार : रेशीम असतं तर कदाचित आणखी...

रंगूबाई : माज्या लग्नातल्या लुगड्याचा काठ रेशमाचा व्हता. त्यो पैला इरला. लुगडं अजून हाय, वाकळंत घातलंय. वाकळंचा दोरा बी सुताचाच. भिजला की आवळतो, सुटत न्हाई. रेशमानं काय केलं आसतं, ती त्या किड्यास्नी ठावं.

सुकुमार : वहिनी, तुम्ही मला माफ करताय का?

रंगूबाई : न्हाई. ह्ये मुंबैहून चालत आलं, तर बघू. आता लिवा. उन्हं वरच्या कौलाला टेकली.

सुकुमार : ‘दोरा : सुती. कारण : ओवणाऱ्याचे व्रत. सर्जनचा यात दोष नाही.’

आकाराम : त्येला माहीत व्हतं का, ती बी लिव.

सुकुमार : ते कसं लिहू? विचारायचं कुणाला?

आकाराम : हां. हितंच सगळं अडलंय बघ. मुंबैचं सर्जनसायेब चांगलं हाईत, पर त्यास्नी बी तालबोट सायेबच पायजे. तुला बी त्योच पायजे. मला बी त्योच. खाली आनखी एक कलम घाल. त्याची नक्कल बोर्डाला जाऊ दे.

सुकुमार : कसलं कलम?

आकाराम : अर्ज. सायबाला हजर करा म्हनून.

सुकुमार : नाईक, साहेब वारले.

आकाराम : मी जिता हाय, ती बोर्डाला शास्त्रात बसत न्हाई. जे झालं ती झालं न्हाई म्हन्त्यात, तर जे हुणार न्हाई ती करा म्हनाया काय हरकत हाय? कागदच हाय. त्यास्नी दोन्ही सारखंच.

सुकुमार : मंजूर करणार नाहीत.

आकाराम : न्हाई करूत. तवर म्हंजी परकरण चालू ऱ्हातंय. परकरण चालू हाय तवर हुकूम रद्द हुईत न्हाई. आठ वर्सं फौजेत हुतो, एवढं कळतं मला.

रंगूबाई : लिवा, भाऊ. लांबड नको. ताट वाढलंय.

सुकुमार : सांगा मग. सरकारी भाषेत मी बसवतो.

आकाराम : तूच सांग. तुला त्यो आवाज ठावं हाय.

सुकुमार : बरं. ऐका. ‘मेजर तालबोट यांनी नाईक आकाराम नाथाजी यास दिनांक २७ ऑगस्ट १९४४ रोजी तोंडी दिलेला दम घेण्याचा हुकूम आजतागायत अमलात आहे. सदर हुकूम रद्द करण्याचा विचार कोठेही चालू असल्यास, तत्पूर्वी मेजरसाहेबांस समक्ष बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि त्याच वेळी दोऱ्याविषयीही विचारून घ्यावे, ही विनंती.’